पाहिलंस की ऐकलंस? मराठी वृत्तवाहिन्यांच्या आणि दैनिकांच्या मालक-संपादकांना सोलापुरातून खुलं पत्र

सोलापूर, २६ जुलै २०२५

मराठी वृत्तवाहिन्यांचे आणि दैनिकांचे मालक, संचालक व संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आज कारगिल विजय दिवस. सकाळपासून तुमच्या पडद्यांवर द्रासचं स्मारक, फुलांची चक्रं आणि जुनी दृश्यं दिसत आहेत. त्या दृश्यांतला रस्ता माझ्या पायाखालचा आहे. १९९९ च्या जून-जुलैमध्ये इथल्या एका दैनिकाचा बातमीदार म्हणून मी त्या रस्त्यावर तीन आठवडे राहिलो होतो. एरवी या दिवशी मी काही लिहीत नाही. यंदा गप्प बसणं जमत नाही, कारण गेल्या आठवड्यात एक मुलगा माझ्या घरी आला आणि त्याने मोबाइलवरचा एक संदेश माझ्यापुढे धरला. आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही, एवढंच त्यात लिहिलं होतं.

हा मुलगा सोलापूरच्या पूर्व भागातला. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात, आई विड्या वळते. घरात तेलुगू बोलतात आणि मुलगा मराठीत बातम्या लिहितो. पत्रकारितेच्या वर्गात तो माझ्यासमोर बसलेला आहे. नंतर तो तुमच्यापैकी एका वाहिनीसाठी स्ट्रिंगर म्हणून, म्हणजे पगारावर नसलेला, बातमीमागे पैसे मिळणारा बातमीदार म्हणून, काम करू लागला. त्याचं आणि वाहिनीचं नाव मी लिहिणार नाही. त्याला पुढेही याच धंद्यात पोट भरायचं आहे. आणि एका वाहिनीचं नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटल्यासारखे वाटून घेतील, तेही मला नको आहे.

७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि त्याच दुपारी त्याला राजस्थानच्या सीमेकडे निघायला सांगितलं. सोबत काय दिलं? एक बूम माइक आणि दोन पॉवर बँक. गळ्यातल्या ओळखपत्राची मुदत मार्चमध्येच संपलेली होती. हेल्मेट नाही, विमा नाही, सोबत कॅमेरामन नाही. तिकिटाचे पैसे नंतर मिळतील असं सांगितलं होतं, ते अजून मिळालेले नाहीत.

तो पोचला त्या गावात रात्री ब्लॅकआउट होता. लोकांनी खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या, चुली विझवल्या होत्या. नाक्यावरच्या जवानांनी त्याला पाणी दिलं, एका पडवीत बसायला जागा दिली आणि हात जोडून सांगितलं, मोबाइलचा उजेड करू नका. रात्री डेस्कवरून फोन आला. लाइव्ह घ्यायचंय, टॉर्च तोंडावर मार, काही दिसत नाहीये. तो म्हणाला, इथे उजेडाला मनाई आहे. मग फोनो दे, फोनवरूनच लाइव्ह बोल, स्फोटांचे आवाज येतायत असं सांग. तो म्हणाला, आवाज येत नाहीयेत, इथे शांत आहे, कुत्रीसुद्धा भुंकत नाहीयेत. पलीकडून उत्तर आलं, बाकीच्या सगळ्यांकडे आवाज येतायत, तुझ्याचकडे कसे येत नाहीत?

त्याने सांगितलं नाही. फोनो झाला नाही. परत आल्यावर दीड महिना त्याची एकही बातमी लागली नाही, आणि मग तो संदेश आला.

हे ऐकताना मला आमचे वृत्तसंपादक आठवले. ते आता नाहीत. कारगिलच्या वेळी द्रासमधून फोन लागत नसे. बातमी वहीत लिहायची, खाली जाणाऱ्या रिकाम्या ट्रकमध्ये बसून झोजिला खिंड ओलांडायची आणि चालू असलेला एसटीडी बूथ शोधून रांगेत उभं राहायचं. लाइन लागली की अख्खी बातमी स्वल्पविराम, पूर्णविरामासकट वाचून दाखवायची. सोलापुरात ते स्वतः कानाला रिसीव्हर लावून उतरवून घ्यायचे. प्रत्येक दोन-तीन वाक्यांनंतर थांबवायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "पाहिलंस की ऐकलंस?"

पाहिलं म्हटलं की पुढे. ऐकलं म्हटलं की दुसरा प्रश्न, "कुणाकडून?" लंगरवरच्या, म्हणजे लष्कराच्या स्वयंपाकघरातल्या हवालदाराकडून, असं मी सांगितलं तर म्हणायचे, "मग तसं लिही, नाहीतर काढ." मागे रांगेतली माणसं कुरकुरत असायची, मीटरचे आकडे पळत असायचे, आणि मला त्यांचा राग यायचा. तीन दिवस जीव मुठीत धरून मिळवलेली ओळ हा माणूस सोलापुरात पंख्याखाली बसून खोडतोय, असं वाटायचं.

जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला ट्रकवाल्यांमध्ये बोलवा उठली की टायगर हिल घेतली. मी धावतपळत झोजिला उतरून फोन केला. नेहमीचा प्रश्न आला. ऐकलं, म्हणालो. कुणाकडून? ट्रकवाल्यांकडून. त्यांनी ती बातमी घेतली नाही. टायगर हिलवरची चढाई सुरू झाली ती ३ जुलैच्या संध्याकाळी. ज्या पोरांना ती अजून चढायची होती, ती पोरं मी फोनवर विजयाची बातमी वाचत होतो तेव्हा खाली दगडाआड बसून बुटांच्या नाड्या आवळत असतील. ती बातमी छापून आली असती तर आज त्यांच्या स्मारकापुढे उभं राहायला मला तोंड उरलं नसतं.

हा प्रश्न तुमच्या कचेऱ्यांतून गेला, ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार आहे. ८ मेच्या रात्री देशभरातल्या कितीतरी वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. बंदर जागेवर होतं. पाकिस्तानातली शहरं आपण घेतल्याच्या पट्ट्या फिरल्या. तुमच्यापैकी अनेकांनी त्याच पट्ट्या मराठीत उतरवल्या. इथे नवी पेठेतल्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत माणसं टीव्हीपुढे उभी होती, टाळ्या वाजवत होती. सकाळी त्यांना कुणी सांगितलंच नाही की रात्री जे पाहिलं ते झालेलं नव्हतं. पूंछमध्ये पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात एका मदरशातले शिक्षक मारले गेले. काही वाहिन्यांनी त्यांना दहशतवादी ठरवून टाकलं. शेवटी पूंछच्या पोलिसांना खुलासा करावा लागला. ज्या घरात मयत आहे त्या घराला आपला माणूस दहशतवादी नव्हता हे सिद्ध करायला लावणं, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

यावर तुमचं एक उत्तर मला ठाऊक आहे. लष्कर आता पुढे जाऊ देत नाही, मग दाखवायचं काय? त्यात तथ्य आहे. कारगिलमध्ये रस्ता मोकळा होता, बोफोर्स तोफा महामार्गाच्या कडेलाच लावलेल्या होत्या आणि अधिकारी बातमीदाराला चहा देऊन बसवून घेत. आज ड्रोन आणि उपग्रहांच्या काळात तसं होणार नाही, आणि मे महिन्यात लढाई होती चार दिवसांची. पण पुढे जाता आलं नाही तर तेवढंच सांगता येतं. आम्ही पुढे गेलेलो नाही, आम्हाला दिसलेलं नाही, लष्कराने दिलेली माहिती अशी आहे. एवढी तीन वाक्यं कुठल्याही निवेदकाला बोलता येतात. लष्कराने ती अडवलेली नाहीत. आणि मला हेही म्हणायचं आहे की लष्कराने थोडे प्रशिक्षित बातमीदार सोबत नेले, तर स्टुडिओत रिकामी जागा उरणार नाही. पण ते दुसरं पत्र, ते मी दिल्लीला लिहीन.

दुसरी तक्रार सायरनची. स्टुडिओत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवून तुम्ही चर्चा रंगवल्यात. नागरी संरक्षण महासंचालनालयाला मे महिन्यात लेखी सांगावं लागलं की कार्यक्रमांत हा आवाज वापरू नका, लोकांना खऱ्या भोंग्याची किंमत उरणार नाही. द्रासमध्ये मी पहिल्या दिवशी शिकलो ते आवाजच. जाणारा गोळा कसा वाजतो आणि येणारा कसा, हे एका तोफचीने मला सांगितलं. आपली तोफ सुटली की छातीत धप्प होतं आणि आवाज पुढे पुढे जातो. येणाऱ्याची शीळ असते, ती ऐकली की विचार करायचा नाही, आहे तिथे पालथं पडायचं. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे आणि रॉकेटं डागली. त्या गदारोळात माझ्यासारखा कोरा माणूस परत आला, कारण त्याने आवाज ओळखायला शिकवलं. सीमेवरच्या गावांतली माणसंही आवाजावरच जगतात. तो आवाज करमणुकीला लावू नका.

त्या तोफचीची ओळख कशी झाली, ते सांगतो, कारण माझी स्वतःची चूकही त्याच्याशी बांधलेली आहे.

मी सोलापुराहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्लीला गेलो, तिथून जम्मू, श्रीनगर, सोनमर्ग. तोलोलिंगचं शिखर १३ जूनला आपल्या ताब्यात आलं होतं. मी द्रासला पोचलो त्यानंतर चार दिवसांनी. बाजार ओस, दुकानांच्या फळ्यांना छऱ्यांची भोकं. अंथरूण म्हणून माझ्याकडे घरातली चादर होती, आपली नेहमीची जाड, मोराची. रात्री तोफेच्या तळाजवळ ती पांघरून बसलो होतो, तर एक जवान आला आणि चादरीचं टोक चिमटीत धरून म्हणाला, "सोलापूरचे का हो तुम्ही?" तो मंगळवेढ्याकडचा. पहिलं काय विचारलं असेल त्याने? मृगाचा पाऊस झाला का. मी निघालो तेव्हा झाला नव्हता. झाला नव्हता म्हणून सांगितलं, तर तो बराच वेळ गप्प बसला. वर डोंगरावर उजेडाचे गोळे फुटत होते आणि या माणसाच्या डोळ्यांपुढे मंगळवेढ्याचं काळं रान होतं.

मग रोज रात्री तो यायचा. बाकीचे जवानही चिठ्ठ्या द्यायचे. नाव आणि फोन नंबर, घरी एवढंच सांगा, बरा आहे. दर वेळी खाली उतरलो की आधी त्यांचे फोन आणि मग माझी बातमी. कर्नाटकातल्या एका आईला मी मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं की तुमचा मुलगा जेवला. अक्कलकोटला लहानपण गेलं त्याचा तेवढा उपयोग झाला.

एका पहाटे तळाजवळ गोळा पडला आणि त्या तोफचीच्या मांडीत छरे घुसले. मी तिथेच होतो. त्याला स्ट्रेचरवर घालताना माझीच चादर खाली घातली. त्या दिवशी बातमीत मी लिहिलं : सोलापूर जिल्ह्यातला, मंगळवेढ्याकडचा तोफखान्यातला एक जवान जखमी. नाव लिहू नये हा नियम पाळला होता. फोनवर प्रश्न आला, पाहिलंस की ऐकलंस? पाहिलं, म्हणालो. बातमी छापून आली.

ऑगस्टमध्ये मी त्या बाजूला गेलो तेव्हा कळलं. त्या तालुक्यातली तोफखान्यात असलेली मुलं एकापेक्षा जास्त होती. माझी बातमी वाचून तीन घरांत दोन दिवस चूल पेटली नव्हती. तोफची बरा होऊन परतला होता, पण बाकीच्या दोन घरांचं काय? त्यातली एक आई मला म्हणाली, "नाव तरी लिहायचं होतं, नाहीतर काहीच लिहायचं नव्हतं." तिचा आवाज चढलेला नव्हता. त्या बातमीतला शब्द न् शब्द मी डोळ्यांनी पाहिलेला होता आणि तरीही ती चूक होती. सव्वीस वर्षांत मी ती विसरलेलो नाही.

म्हणून तिसरी तक्रार मी माझी चूक कबूल करून मांडतो आहे. जवानाच्या घरी लष्कराचा निरोप पोचण्याआधी तुमच्या पट्टीवर त्याचं गाव येतं. कारगिलपासून शहिदांचे पार्थिव देह गावोगाव येऊ लागले आणि अख्खा महाराष्ट्र त्या अंत्ययात्रांत चालला, ही चांगली गोष्ट झाली. पण आपल्याच जिल्ह्यात मी असा प्रसंग पाहिला आहे की निरोप घेऊन येणारी गाडी वेशीवर होती आणि बूम माइक दारात. बायकोला कल्पना नव्हती. दारातल्या गर्दीवरून तिला कळलं. आणि तिला विचारलं काय? तुम्हाला आता कसं वाटतंय.

चौथी गोष्ट पैशांची आहे आणि ती बोलायला कुणी लाजू नये. आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनच्या युद्धात जखमींची सेवा करायला गेले. ती पाच डॉक्टरांची तुकडी काँग्रेसने निधी गोळा करून पाठवली होती, सोबत औषधं आणि रुग्णवाहिका होती. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेले. पण पारतंत्र्यातल्या गरीब देशाने त्यांना रिकाम्या हाताने धाडलं नव्हतं. तुम्ही त्या मुलाला दोन पॉवर बँक देऊन धाडलंत. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात सैन्यासोबत असलेला आणि तसं ओळखपत्र जवळ असलेला युद्धवार्ताहर पकडला गेला तर त्याला युद्धकैद्याचं संरक्षण आहे. तुमच्या बातमीदाराच्या गळ्यातलं कार्ड मुदतबाह्य होतं. दानिश सिद्दीकींसारखा अनुभवी, पुलित्झर मिळालेला छायाचित्रकार १६ जुलै २०२१ ला स्पिन बोल्दाकला अफगाण सैन्यासोबत असताना मारला गेला. अनुभव असूनही जिथे माणूस वाचत नाही, तिथे तुम्ही आठ दिवसांपूर्वी बाजार समितीतल्या कांद्याचे भाव देणारं पोर पाठवता.

प्रशिक्षणाचंही तेच. कारगिल आढावा समितीने डिसेंबर १९९९ मध्ये अहवाल दिला. माध्यमांतल्या माणसांना युद्धवार्तांकनाचं प्रशिक्षण नाही, ही उणीव त्यात नोंदवलेली आहे. संरक्षण मंत्रालय पत्रकारांसाठी संरक्षण वार्ताहर अभ्यासक्रम चालवतं. त्याला जिल्ह्यातल्या किती बातमीदारांची नावं तुम्ही आजवर पाठवलीत? माझ्या ओळखीत एकही नाही.

आता मागण्या. त्या लांबलचक नाहीत.

ज्याने पाहिलं नाही त्याला पाहिलं म्हणायला लावू नका. पडद्यावर दृश्य असेल तर ते कधीचं आणि कुठलं हे त्याच चौकटीत लिहा. कळत नसेल तर दाखवू नका.

युद्धाच्या किंवा तोफमाऱ्याच्या भागात कुणालाही पाठवण्याआधी, मग तो स्ट्रिंगर असो की पगारी, त्याच्या हातात विम्याचा कागद, चालू ओळखपत्र, हेल्मेट, जॅकेट आणि परतीचे पैसे असलेच पाहिजेत. प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं तरी शिक्षण द्या. जो जायला नाही म्हणेल त्याचं काम काढून घेऊ नका.

लष्कराने किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने कुटुंबाला कळवल्याची खात्री होईपर्यंत नाव, गाव, तालुका, फोटो, काहीही देऊ नका. अंत्यसंस्कार होईपर्यंत घराच्या उंबऱ्याबाहेर थांबा.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने २६ एप्रिलला लष्करी हालचाली थेट न दाखवण्याची सूचना काढली आणि त्यात कारगिल, २६/११ आणि कंदाहार अपहरणाचे दाखले दिले. ती पाळा. सायरन बंद करा.

चूक झाली तर ज्या वेळेला आणि जितक्या मोठ्या अक्षरांत ती चालवली, त्याच वेळेला आणि तितक्याच अक्षरांत दुरुस्ती चालवा. ८ मेच्या रात्रीची दुरुस्ती अजून बाकी आहे.

आणि त्या मुलाला परत घ्या. तो त्या रात्री शांततेची बातमी देत होता आणि ती खरी होती. गाव अंधारात होतं, माणसं जागी होती, जवान नाक्यावर उभे होते, हे सगळं त्याने पाहिलं होतं. माझ्या वृत्तसंपादकांनी ती बातमी पहिल्या पानावर लावली असती.

या शहरात 'गझनफर' नावाचं पत्र चालवणाऱ्या अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी तीन साथीदारांसह फाशी दिलं गेलं. चार हुतात्मा चौकात त्यांचा पुतळा आहे आणि तो मुलगा रोज त्याच चौकातून जातो. सध्या तो मित्राच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करतो. त्याचा नंबर तुमच्यापैकी एकाच्या असाइनमेंट डेस्कवर आहे. मला उत्तर नको, त्याला फोन करा. संध्याकाळी सातनंतर तो मोकळा असतो.

आपला,
एक निवृत्त बातमीदार
सोलापूर